घरी लेझर बनवायला सुरुवात: लाल डायोड आणि त्याचा ड्रायव्हर (प्रकल्प नोंदी)

६ ऑक्टोबर

काय बनवायचं ते पक्कं केलं. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर डायोड, ५ मिलिवॉट रेटिंगचा, नेहमीचा ५.६ मिमीचा कॅन (धातूचं गोल कवच), आणि त्याला करंट देणारा ड्रायव्हर आपण स्वतः करायचा. तयार मॉड्यूल मुद्दाम घेतलं नाही, कारण त्यात ड्रायव्हर आतच बसवलेला असतो, बॅटरी लावली की ठिपका पडतो आणि हातात शिकण्यासारखं काही राहत नाही.

हिरवा का नाही, असं लगेच दोघा-तिघांनी विचारलं. हिरव्या स्वस्त पॉइंटरमध्ये बहुतेक वेळा ८०८ चा इन्फ्रारेड डायोड एका क्रिस्टलला पंप करतो, त्यातून १०६४ निघतो आणि पुढच्या क्रिस्टलमध्ये त्याचा ५३२ चा हिरवा होतो, आता यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसला तर न दिसणारा प्रकाशही सोबत बाहेर पडतो, आणि जे दिसत नाही त्याला डोळा मिटत नाही. २०१० साली अमेरिकेच्या निस्ट संस्थेतल्या लोकांनी एका हिरव्या पॉइंटरमधून असा जोरदार इन्फ्रारेड निघताना मोजला होता. नायट्रोजन लेझर मला मनापासून आवडतो, साध्या हवेवर चालतो, आरसेसुद्धा लागत नाहीत, ३३७ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट देतो, पण त्याला दहा हजार व्होल्टच्या पुढचा सप्लाय आणि चार्ज होऊन बसलेले कपॅसिटर लागतात. हाय व्होल्टेजची सवय नसेल तर पहिल्यांदा त्याच्या वाटेला जाऊ नये.

डीव्हीडी रायटर फोडून त्यातला डायोड काढणारेही पुष्कळ आहेत. तो शे-दोनशे मिलिवॉट देऊ शकतो. लेझर किती धोक्याचा ते सांगणारे क्लास असतात: दिसणाऱ्या प्रकाशात १ मिलिवॉटपर्यंत क्लास २, ५ पर्यंत ३आर आणि तिथून ५०० पर्यंत ३बी. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो आणि क्लास २ चा सगळा हिशोब त्या पाव सेकंदावर उभा आहे. ३बी मध्ये तेवढा वेळ मिळत नाही, घड्याळाच्या काचेवरून उडालेला किरणही पुरतो. म्हणून मी ५ च्या आत राहणार आणि ५ मिलिवॉटसुद्धा डोळ्यासमोर धरण्यासारखी गोष्ट नाहीच.

९ ऑक्टोबर

ड्रायव्हर. एलएम ३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर घेतला, कारण समजायला सोपा आहे. तो आपल्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये कायम १.२५ व्होल्ट राखतो, त्या दोन पायांमध्ये रेझिस्टर टाकला आणि अ‍ॅडजस्टच्या बाजूने करंट पुढे डायोडला दिला की करंट बांधला जातो. १.२५ भागिले रेझिस्टर, एवढंच गणित. ४७ ओहमला २६.६ मिलिअँपिअर येतात, ३९ ला ३२, ३३ ला जवळपास ३८.

माझ्या डायोडच्या डेटाशीटमध्ये नेहमीचा करंट ३० च्या आसपास आहे म्हणून ४७ ओहम फिक्स ठेवला आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर). म्हणजे पॉट एका टोकाला असला तर साडेआठ मिलिअँपिअर, दुसऱ्या टोकाला २६.६, त्याच्या वर जाताच येत नाही. वरची मर्यादा फिक्स रेझिस्टरने ठरली पाहिजे, पॉटने नाही, हे लक्षात ठेवा. पॉटचं मोकळं टोक मधल्या पायाला जोडून टाकलंय. जुना झालेला पॉट फिरवताना मधेच संपर्क सोडतो, तेव्हा असं जोडलेलं असेल तर पूर्ण १०० ओहम मध्ये येतात आणि करंट कमी होतो, वाढत नाही. याउलट ज्या सर्किटमध्ये एलएम ३१७ व्होल्टेज रेग्युलेटर म्हणून वापरलेला असतो आणि पॉट अ‍ॅडजस्ट-ग्राउंडमध्ये असतो, तिथे संपर्क सुटला की आउटपुट सरळ वरच्या टोकाला पळतं. डायोड मेलाच समजा.

सप्लाय ९ व्होल्टची बॅटरी. मोबाइल चार्जर वापरायचा विचार होता पण ५ व्होल्ट पुरत नाहीत. डायोडला २.२ च्या आसपास लागतात, रेझिस्टरवर १.२५, आणि रेग्युलेटर स्वतः दीड-पावणेदोन खातो, बेरीज केली की पाच संपले.

१० ऑक्टोबर

लेझर डायोड अजून पाकिटातच आहे. आधी त्याच्या जागी खोटा लोड. १एन४००७ हे साधे डायोड तीन सिरीजमध्ये, म्हणजे दोन-सव्वादोन व्होल्ट पडतात, आणि त्यांच्या सिरीजमध्ये १ ओहमचा रेझिस्टर. या १ ओहमवर मल्टिमीटर मिलिव्होल्टला लावायचा, जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर.

मल्टिमीटर अँपिअर मोडमध्ये सिरीजला लावत बसू नका. मीटरची पिन काढली-घातली की सर्किट तुटतं-जुळतं, आणि लेझर डायोडला नेमकं तेच सहन होत नाही. १ ओहम कायमचा सर्किटमध्ये राहू दे.

रीडिंग २६.१ आलं, हिशोबाने २६.६ हवं होतं, रेझिस्टर ५ टक्केवाला आहे तेव्हा ठीक. पॉट पूर्ण फिरवून पाहिला, बॅटरी काढली-लावली, तासभर चालू ठेवून तापमान पाहिलं. एलएम ३१७ वर जेमतेम ०.१५ वॉट जळतात, कोमट होतो, हीटसिंक लागत नाही.

१६ ऑक्टोबर

पहिला डायोड गेला. कारण शोधायला डायोड लावण्यापेक्षा जास्त वेळ गेला, पण सापडलं आणि ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

ड्रायव्हरच्या आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, करंट गुळगुळीत राहावा म्हणून बहुतेक सर्किटमध्ये तो दाखवलेला असतो. डायोड ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायची पाटी) वायरने जोडलेला. वायर जरा हलली आणि क्षणभर संपर्क सुटला. आता लोडच नाही म्हटल्यावर एलएम ३१७ करंट ढकलायचा प्रयत्न करत राहतो आणि आउटपुट साडेसात व्होल्टपर्यंत चढतं, कपॅसिटरही तेवढ्याला भरून बसतो. वायर परत टेकली की भरलेला कपॅसिटर सव्वादोन व्होल्टच्या डायोडमध्ये एकदम रिकामा होतो. काही मायक्रोसेकंदच, पण तेवढ्यात अँपिअरमध्ये करंट जातो. त्या झटक्यात प्रकाश इतका वाढतो की चिपच्या टोकाचा आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग जळतो.

मेलेला डायोड ओळखायचा कसा हेही सांगतो, कारण तो पूर्ण विझत नाही. करंट अगदी बरोबर २६ दाखवतो, लाल उजेडही पडतो, पण तो साध्या एलईडीसारखा फिकट, पसरट. करंट वाढवला तर थोडा थोडा उजळतो, एकदम उसळी मारत नाही. ड्रायव्हर बिघडलाय असं वाटून आपण तिकडेच शोधत राहतो.

उपाय असा केला: कपॅसिटर ड्रायव्हरकडून काढला आणि थेट डायोडच्या पायांवर सोल्डर करायचं ठरवलं. मग डायोड आणि कपॅसिटर कधी वेगळे होणारच नाहीत, मधली वायर सुटली-जुळली तरी ड्रायव्हरकडे साठवलेला चार्ज नाही, आणि जो छोटा झटका येईल तो कपॅसिटर आधी पिऊन घेतो. त्याच्या शेजारी १० किलोओहम, बॅटरी काढल्यावर चार्ज निथळून जावा म्हणून, आणि एक १एन४१४८ हा छोटा साधा डायोड उलटा, बॅटरी उलटी लागली तर. लेझर डायोड उलट्या दिशेने सहसा २ व्होल्टच सहन करतो.

या सगळ्या कामात महाग काय असेल तर डायोड, बाकीचे पार्ट चिल्लर आहेत. तेव्हा घ्यायचे तर दोन-तीन डायोड एकदम घ्या.

२१ ऑक्टोबर

दुसऱ्या डायोडचं सोल्डरिंग. हे मी घाई न करता केलं आणि तुम्हीही तसंच करा.

कॅनला तीन पाय असतात. एक लेझरचा, एक आतल्या छोट्या फोटोडायोडचा (प्रकाश पडला की करंट देणारा डायोड), आणि एक दोघांचा सामायिक, तो बहुतेक वेळा कॅनच्या धातूलाच जोडलेला. पण सामायिक पाय प्लस की मायनस हे मॉडेलवर आहे, त्यामुळे डेटाशीट नसलेला डायोड सुरुवातीला घेऊच नका. मल्टिमीटरच्या डायोड मोडने पाय शोधायचा मोह होतो, पण काही मीटर त्या मोडमध्ये ३ व्होल्टपर्यंत देतात आणि उलटा लागला तर वर लिहिलेली २ व्होल्टची मर्यादा ओलांडली.

पाकिटातून काढायच्या आधी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला, त्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असलेलाच, नुसती वायर हाताला बांधू नये. सोल्डरिंग आयर्न तीन पिनचा, टोक खरंच अर्थ आहे का ते मीटरने तपासलं. नायलॉनचा टीशर्ट बदलून सुती घातला. मग तिन्ही पायांना बारीक तांब्याची तार गुंडाळून ते आपसात शॉर्ट केले, आणि तशाच अवस्थेत कपॅसिटर, रेझिस्टर, उलटा डायोड, वायरी सगळं सोल्डर केलं. प्रत्येक जोड तीन सेकंदांच्या आत, मध्ये फुंकर न घालता आपोआप थंड होऊ द्यायचा. तार सगळ्यात शेवटी कापली.

डायोड पितळी होल्डरमध्ये बसवला. हा होल्डर म्हणजेच त्याचा हीटसिंक, एवढ्या करंटला बाकी काही लागत नाही.

२६ ऑक्टोबर

आजची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

लेन्स लावलेली नाही. समोर हातभर अंतरावर मॅट पांढरा कागद, त्याच्या मागे काळा पुठ्ठा, खोलीत मंद दिवा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं. किरणाची उंची टेबलाच्या जवळ, खुर्चीत बसल्यावर डोळे त्याच्या बरेच वर राहतात, आणि खाली पडलेलं काही उचलायचं तर आधी बॅटरी काढायची असा नियमच केलाय.

पॉट कमीत कमी करंटला ठेवून सुरू केलं. १० मिलिअँपिअरला कागदावर फिकट लाल डाग. १५ ला तोच, किंचित उजळ. १८ ला अजून थोडा. आणि मग १९ वरून २१ कडे जाताना डाग एकदम भरून येतो, लांबुळका होतो आणि त्याच्या आत दाणे दिसायला लागतात. बारीक वाळू पसरल्यासारखे चमकते दाणे, मान हलवली की तेही सरकतात. हेच स्पेकल. साध्या एलईडीत ते असे दिसत नाहीत, लेझरचा प्रकाश एका तालात असतो म्हणून तो खडबडीत कागदावरून परत येताना एकमेकांत मिसळून असे ठिपके करतो. पॉट मागे फिरवला, दाणे गेले. पुढे फिरवला, आले. या हद्दीला थ्रेशोल्ड म्हणतात, त्याच्या खाली आपल्या हातात फक्त एलईडी आहे आणि वर लेझर. मी कितीतरी वेळ तो पॉट पुढेमागे करत बसलो होतो. तयार मॉड्यूल विकत घेणाऱ्याला हे कधी दिसतच नाही, आणि मला वाटतं की या छंदात पहिल्यांदा बघायचं असेल तर हेच बघावं, काडी पेटवणं आणि फुगा फोडणं नाही.

२ नोव्हेंबर

लेन्स. होल्डरला एम९ चा आटा असलेली छोटी लेन्स येते, फिरवून पुढेमागे करता येते. डायोडचा किरण मुळात सरळ नसतोच, चिपची बाहेर पडायची खिडकी इतकी अरुंद की प्रकाश एका दिशेला तीसेक अंशांत पसरतो आणि दुसऱ्या दिशेला आठ-दहा. म्हणून लेन्स लावूनही ठिपका गोल न येता आडवा-उभा लांबट येतो. लेन्स खराब आहे असं समजून बदलू नका, तो तसाच असतो.

आटा सैल होता, बोट काढलं की फोकस हलायचा. प्लंबिंगची पांढरी टेफ्लॉन टेप एक फेरा गुंडाळली, प्रश्न मिटला. गोंद लावू नका, त्याची वाफ लेन्सवर आणि डायोडच्या काचेवर बसते.

८ नोव्हेंबर

पॉवर मोजायची होती. तयार पॉवर मीटर खूपच महाग पडतो, म्हणून बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड. ६५० नॅनोमीटरला तो साधारण ०.४ अँपिअर प्रति वॅट देतो असं धरलं, म्हणजे १ मिलिवॉटला ०.४ मिलिअँपिअर.

पहिली जोडणी जमली नाही. फोटोडायोडवर नुसता १ किलोओहम लावला होता, रीडिंग साडेचारशे-पाचशे मिलिव्होल्टवर जाऊन अडकलं आणि करंट वाढवला तरी हलेना. बायस (बाहेरून दिलेला व्होल्टेज) नसलेला सिलिकॉन फोटोडायोड सोलर सेलसारखा वागतो, अर्ध्या व्होल्टच्या वर जातच नाही. मग ९ व्होल्टची दुसरी बॅटरी घेऊन त्याला उलटा बायस दिला आणि रेझिस्टर १०० ओहमचा केला, आता ४० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिवॉट. आधी लेझर बंद ठेवून खोलीच्या उजेडाचं रीडिंग घ्यायचं आणि ते वजा करायचं. फोटोडायोड किंचित तिरका ठेवा म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरून परत आलेला किरण थेट डायोडमध्ये शिरत नाही.

लेन्ससकट आकडे असे आले: १८ मिलिअँपिअरला ०.१ मिलिवॉट, २० ला ०.२, २२ ला १.०, २४ ला १.९, २६ ला २.८. कागदावर आलेख काढला तर रेघ आडवी चालत येते आणि २० पाशी कोपर मोडून वर जाते. डोळ्यांनी स्पेकल दिसलं तीच जागा. आकडे १०-२० टक्के इकडेतिकडे असतील, फोटोडायोडचा ०.४ हा आकडाच ढोबळ आहे, पण कोपर कुठे आहे त्याला याने फरक पडत नाही.

मध्येच एकदा पॉट पूर्ण फिरवूनही करंट २३ च्या वर जाईना. डायोड, पॉट, जोड सगळं तपासून झाल्यावर बॅटरी मोजली तर लोडवर साडेपाचच्याही खाली. आता प्रत्येक वेळी मोजायच्या आधी बॅटरी मोजतो.

१६ नोव्हेंबर

वेव्हलेंग्थ. पाकिटावर ६५० लिहिलंय, पण आपण मोजलेलं बरं. जुनी सीडी घेतली, तिच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. मोठ्या मॅट पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून किरण सरळ सीडीवर सोडला, तो परत येताना फुटतो आणि पुठ्ठ्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना ठिपके पडतात. पुठ्ठा ते सीडी ३० सेंमी, आतल्या दोन ठिपक्यांमध्ये २७ सेंमी, म्हणजे एका बाजूला साडेतेरा. कोन २४.२ अंश, त्याचा साइन ०.४१, गुणिले १६०० केलं की ६५७ नॅनोमीटर.

मग डीव्हीडी, तिचं अंतर ०.७४ मायक्रोमीटर. कोन खूप मोठा होतो म्हणून पुठ्ठा १५ सेंमीवर आणला, दोन ठिपक्यांमध्ये साडेपंचावन्न सेंमी, उत्तर ६५१. सीडीच्या ओळींच्या अंतरात थोडी ढील असते, त्यामुळे मी डीव्हीडीच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो. किरण सीडीवर जिथे ओळी उभ्या आहेत तिथेच पाडा, नाहीतर ठिपके तिरके जातात. आणि पुठ्ठा पुरेसा रुंद घ्या, त्याच्या बाहेर गेलेला प्रत्येक ठिपका म्हणजे खोलीत मोकळा फिरणारा किरण.

७ डिसेंबर

थंडी पडली आणि नवीनच गोष्ट कळली. सकाळी सहज पॉवर मोजली, करंट तोच २६.१, खोली ऑक्टोबरपेक्षा दहा-बारा अंशांनी गार, आणि ३ मिलिवॉटच्या आत असलेलं रीडिंग ४ च्या जवळ. परत मोजलं, बॅटरी बदलून मोजलं, तेच. थ्रेशोल्ड पाहिला तर २० वरून साडेसतराच्या आसपास आलाय. लाल डायोड तापमानाला फार हळवे असतात, गार झाले की कमी करंटला लेझिंग सुरू होतं आणि वरचा सगळा करंट प्रकाशात जातो.

म्हणजे दुपारच्या उकाड्यात कोणी करंट वाढवत वाढवत बरोबर ५ मिलिवॉट लावून ठेवला असता, तर या सकाळी तो सहाच्या पुढे गेला असता आणि डायोड का गेला ते कळलंही नसतं, कारण करंट तर स्थिरच होता. कॉन्स्टंट करंट म्हणजे कॉन्स्टंट पॉवर नव्हे. कॅनमधला तो तिसरा पाय, फोटोडायोड, याचसाठी दिलेला असतो, तो मागून निघणारा प्रकाश बघतो आणि त्यावरून करंट कमीजास्त करता येतो.

सध्या ४७ च्या जागी ५१ ओहम टाकला, वरची मर्यादा साडेचोवीस मिलिअँपिअर झाली. पॉवर गारव्यात ३ मिलिवॉटच्या थोडी वर, उकाड्यात २ च्या आसपास.

१४ डिसेंबर

सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बसवलं. चावीचा स्विच, चालू असल्याचा हिरवा एलईडी, आणि किरणाच्या तोंडाशी सरकवायची धातूची झडप. एलईडीला वेगळी बॅटरी दिलेली नाही पण त्याची वायर रेग्युलेटरच्या आधी घेतली, म्हणजे त्याचा करंट लेझरच्या करंटमध्ये मिसळत नाही. १ ओहमची दोन टोकं बाहेर छोट्या सॉकेटवर काढलीत, डबा न उघडता करंट मोजता येतो. डब्यावर ६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॉटच्या आत, क्लास ३आर असं लेबल चिकटवलं, घरात दुसरं कोणी उचललं तर कळावं म्हणून.

पुढचं काम फोटोडायोडवरून पॉवर स्थिर ठेवणारा ड्रायव्हर. त्याला एक ऑप-अ‍ॅम्प (दोन व्होल्टेजमधला फरक वाढवून देणारी आयसी) लागेल आणि तोही आधी खोट्या लोडवरच चालवणार, फक्त या वेळी खोट्या लोडमध्ये एक लाल एलईडी आणि त्याच्यासमोर बीपीडब्ल्यू ३४ ठेवावा लागेल, म्हणजे फीडबॅक पूर्ण होतो की नाही ते डायोड न लावताच दिसेल.